विज्ञानाची जत्रा आणि सोलापूरची मुले

हिवाळ्याच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील कोणत्या ना कोणत्या शाळेच्या आवारात मांडव पडतो, बाकांवर कागद अंथरले जातात आणि विज्ञान प्रदर्शन सुरू होते. तालुक्यात पहिला आलेला प्रयोग जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातला राज्याला, आणि त्यांतले निवडक राष्ट्रीय प्रदर्शनाला. विजेत्यांची नावे वर्तमानपत्रात येतात, शाळेच्या फळ्यावर लागतात, पालक पेढे वाटतात. या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हे बक्षीस मुळात कशासाठी देऊ लागले, याची हकीकत पाहिली तर आपल्या शहराला त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्राने प्रथम बक्षिसे दिली ती जिभेला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने 1875 साली सुरू झाली, आणि जी सभा ती चालवते तिचे नावच वक्तृत्वोत्तेजक आहे. (आम्हीही वसंतातच बोलत आहोत, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करावी!) हाताला बक्षीस मिळावयास वेळ लागला. रानड्यांनीच 1890 साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवून कारखानदारीचा विषय लोकांपुढे आणला खरा, पण शाळकरी मुलाच्या हातातील पकड आणि तार अद्याप कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

अशा काळात मुंबईच्या एका कारकुनाने परदेशातील बक्षीस जिंकले. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 1867 चा. कचेरीत नोकरी करीत त्यांनी यंत्रांचा नाद जोपासला आणि मुंबईत शास्त्रप्रेमी मंडळींचा एक क्लब काढला. लंडनच्या एका शोधविषयक मासिकाने वाण्याच्या दुकानासाठी आपोआप माल तोलणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली होती. भिसे तीत पहिले आले. पुढे दादाभाई नौरोजींचा आधार घेऊन ते लंडनला गेले, छापखान्याचे टाईप ओतण्याचे यंत्र त्यांनी सिद्ध केले, आणि 1935 साली न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. लोक त्यांना हिंदी एडिसन म्हणत. आम्हांस त्या उपाधीपेक्षा त्यांच्या पहिल्या बक्षिसाचा विषय अधिक मोलाचा वाटतो. वाण्याचा तराजू! ज्या वस्तूपुढे गिऱ्हाईक रोज उभे राहते, तिच्यातच कोडे आहे हे त्यांनी ओळखले.

मुलांच्या विज्ञान जत्रेचा उगम अमेरिकेतला, आणि तो प्रयोगशाळेत नसून शेतीच्या प्रदर्शनात आहे. न्यूयॉर्कची अमेरिकन इन्स्टिट्यूट ही संस्था 1828 साली निघाली व शेतमाल आणि यंत्रे यांची प्रदर्शने भरवू लागली. शंभर वर्षांनी, 1928 साली, तिने मुलांची जत्रा भरविली. 1950 साली फिलाडेल्फिया येथे गावोगावच्या जत्रांतील विजेत्यांची पहिली राष्ट्रीय जत्रा झाली. 1958 साली जपान, कॅनडा व जर्मनी यांची मुले आली आणि ती आंतरराष्ट्रीय ठरली. तेथवर पोहोचलेल्या वरच्या विजेत्यांची नावे 2001 पासून आकाशातील लघुग्रहांना दिली गेली, त्यांत भारतीय मुलेही आहेत. पण आमचे लक्ष वेधले ते एका रुक्ष कागदाने. मूल कोणा संशोधन संस्थेत काम करून आले असेल, तर तेथील शास्त्रज्ञाने लिहून द्यावे लागते, की यातले मुलाने किती केले आणि आम्ही किती. बक्षीस कोणाचे, हा तंटा त्यांनी जत्रेच्या दारातच सोडवून ठेवला आहे.

आपल्या सरकारलाही हे सुचले नव्हते असे नाही. 1963 साली दिल्लीत केवळ 10 शिष्यवृत्त्यांनी विज्ञान प्रज्ञाशोध सुरू झाला. पुढच्याच वर्षी तो देशभर नेऊन 350 शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. त्या परीक्षेत लेखी उत्तरांबरोबर स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे, व नंतर मुलाखतीत परीक्षक समोरासमोर विचारीत. 1976 च्या फेररचनेत विषय वाढले, संख्या वाढली आणि पर्यायांवर खूण करण्याच्या प्रश्नपत्रिका आल्या, प्रकल्प गेला. लाखो मुलांचे हात तपासणे अवघड, हे आम्ही जाणतो. तरीही त्या दिवशी काही तरी मोलाचे निसटले. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी 1981 पासून होमी भाभा यांच्या नावाने जी बालवैज्ञानिक स्पर्धा चालविली, तीत प्रात्यक्षिक आणि प्रकल्प या दोन्ही पायऱ्या टिकवून धरल्या, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. 1971 पासून राष्ट्रीय प्रदर्शने भरू लागली होतीच. 1993 साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद निघाली. तिचा दंडक असा, की 10 ते 17 वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातील प्रश्न घेऊन पाहणी करावी.

आता सोलापूरकडे वळू. 1877 साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून हे यंत्रांचे गाव आहे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले. पूर्वभागात ज्या घरी चादर विणली जाते, तेथे मागाच्या डोक्यावर जॅकार्ड बसविलेले असते. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ त्यावरून फिरते. कार्डाला जेथे भोक, तेथे सुई आत शिरते, आकडा जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा उचलला जातो. जेथे भोक नाही, तेथे सुई मागे रेटली जाते व धागा खालीच राहतो. बाण्याच्या एकेका धाग्याला एकेक कार्ड, आणि अशी शेकडो कार्डे फिरली म्हणजे चादरीवर मोर उमटतो. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास सिद्ध केलेली ही युक्ती इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी योजिली, आणि 1890 साली अमेरिकेची शिरगणती भोके पाडलेल्या कार्डांवरच मोजली गेली. म्हणजे संगणकाचे पाळण्यातले रूप साखर पेठेतल्या मुलाने चालू स्थितीत पाहिले आहे, आणि प्रदर्शनाला तो सोडा व व्हिनेगरचा ज्वालामुखी घेऊन जातो! लाव्हाचे थेंब सोलापूरकरांच्या परिचयाचे आहेत असे आम्हांस वाटत नाही.

दोष मुलाचा नव्हे. वडील माणसे त्याला सांगतात, की विज्ञान म्हणजे पुस्तकात असते ते. वस्तुतः मागांच्या खडखडाटात बारा तास काढणाऱ्या विणकराला किती ऐकू येते, विडी वळणाऱ्या हजारो आयाबहिणींच्या खोलीत तंबाखूची धूळ किती उडते, चैत्र-वैशाखात पत्र्याखाली आणि धाब्याखाली तापमानात किती अंशांचा फरक पडतो, हे प्रश्न एक तापमापक, एक वही आणि चार महिन्यांची चिकाटी एवढ्यावर हाती घेता येतात. असा प्रयोग झगमगत नाही. परीक्षकाने खाली वाकून वही चाळली, तरच त्याला न्याय मिळतो. म्हणून परीक्षक निवडण्याचे काम आम्ही मांडव घालण्याहून मोठे मानतो.

शिक्षकाचे काय, असे कोणी विचारील. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर चौकोनी खूण छापून तिच्यामागे धडा ठेवण्याची त्यांची कल्पना वाडीवरच्या शाळेच्या गरजेतूनच निघाली होती.

जॅकार्डची कार्डे आता वेगाने मोडीत निघत आहेत. नव्या मागांवर नक्षी थेट संगणकातून येते. माळ्यावर धूळ खात पडलेली एखादी माळ अजून मिळते. ती उतरवून, भोके मोजून, चौकटीच्या कागदावर मांडून तीत कोणती नक्षी दडली आहे हे सातवी-आठवीतली दोन मुले शोधू शकतील, आणि जी कार्डे त्यांना वाचता येणार नाहीत ती वाचून दाखविणारे वृद्ध कारागीर अद्याप त्याच गल्लीत आहेत.