शब्दवेध : खिळा

कोपर स्थानकात खालच्या फलाटावर उभं राहून रूळ पाहा. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ धरून ठेवते ती वळवलेली पोलादी क्लिप. लाकडी स्लीपरच्या काळात हे काम वीतभरही नसलेला जाड, चौकोनी खिळा करी. त्याचं डोकं एका बाजूला झुकलेलं, रुळाचा पाय दाबून धरणारं. रेल्वेत त्याला डॉग स्पाइक म्हणतात.

‘खिळा’ आला संस्कृत ‘कील’वरून, प्राकृतात ‘खील’ होऊन. दाराची खीळ, कामाला बसलेली खीळ आणि जागीच खिळणं ही सगळी त्याचीच भावंडं. फारसीतून आलेली ‘मेख’ जरा वेगळ्या स्वभावाची. ती खुंटीच, पण मराठीत तिचा अर्थ अडचण, छुपी गोम असा झाला. आणि सुताराची बारीक ‘चूक’! पाऊण इंची चुका मागितल्या की नवखा गिऱ्हाईक गोंधळतो.

मला सर्वांत आवडतो तो छापखान्यातला खिळा. टोक नाही, ठोकायचा नाही, तरी खिळाच. शिशाच्या मिश्रधातूचा, जेमतेम इंचभर उंच, डोक्यावर उलटं अक्षर. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्याआधीच ते अक्षरांचे खिळे पाडत होते. काना-मात्रा-वेलांट्यांमुळे देवनागरीला रोमनपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागत. म्हणून ‘खिळे जुळवणं’ हा खरा कसबी धंदा.

तुमच्या भागात सुतार, चांभार, नालबंद खिळ्याला आणखी काय म्हणतात, ते जरूर कळवा.