एका म्यानात दोन खर्ज

खर्ज आपल्याला परका नाही. पहाटेचा खर्जाचा रियाज, तंबोऱ्याची शेवटची जाड तार, डग्ग्याचा घुमारा हे सारे आपल्या कानांच्या ओळखीचे आहे. पण मला आज जी हकिगत सांगायची आहे ती मैफिलीतल्या खर्जाची नव्हे, तबकड्या जोडणाऱ्यांच्या खर्जाची आहे. हल्ली पुष्कळ घरांतून एखादा हौशी मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात अलगद उतरण्याची खटपट करताना दिसते. या विद्येला मिक्सिंग म्हणतात आणि ती करणाऱ्याला डीजे. डीजे म्हटले की आपल्यापुढे मिरवणुकीतली कर्ण्यांची भिंत उभी राहते. ती तूर्त बाजूला ठेवू. घरच्या डीजेपुढचा खरा पेच निराळाच असतो. दोन गाणी घटकाभर एकत्र वाजत असताना त्यांच्या दोन खर्जांचे करायचे काय?

वरचे स्वर समजूतदार असतात. सनई आणि झांज एकत्र वाजली तरी कान त्यांना वेगळे ओळखतो. खर्ज मात्र ऐसपैस बसणारा. सेकंदाला 50 आवर्तने होणाऱ्या स्वराची लहर हवेत सुमारे 7 मीटर लांब असते. अशा दोन लहरी एकीवर एक नेमक्या पडल्या तर जोर दुप्पट होऊन आवाज फाटतो. उलटसुलट पडल्या तर एकमेकींना गिळतात आणि गाणे पोकळ होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका कर्ण्यात दोन खर्ज नांदत नाहीत.

जागेचे हे भांडण तबकडीइतकेच जुने आहे. 1925 साली विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी गायक-वादक एका भोंग्यापुढे उभे राहत. त्या भोंग्याला खर्ज फारसा पकडताच येत नसे, म्हणून मोठ्या तंतुवाद्याच्या जागी तोंडाने फुंकायचे भले मोठे पितळी वाद्य बसवीत. पुढे खर्ज पकडता आला, तर तो तबकडीच्या खाचेत मावेना! खर्जाने खाच फार हेलकावे घेते. शेजारच्या खाचेवर चढते, नाहीतर सुईला उडवून लावते. 1948 साली बारीक खाचांची दीर्घ तबकडी आल्यावर तर जागा आणखीच आखडली. अखेर 1954 साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यावसायिकांच्या संघटनेने एकच प्रमाण ठरविले. त्याप्रमाणे, 1,000 आवर्तनांच्या स्वराच्या मानाने 50 आवर्तनांचा स्वर तबकडीवर चढविताना सुमारे एक सप्तमांश केला जातो आणि वाजविताना तितकाच वाढवून घेतला जातो. उंच पाहुण्याने ठेंगण्या दारातून वाकून आत यावे आणि माजघरात ताठ बसावे, तशातलाच हा प्रकार.

खर्ज आवरणे ही तोवर कारागिराची अडचण होती. तिची कला केली ती जमैकातील किंग्स्टन शहरच्या एका यंत्रदुरुस्ती करणाऱ्याने. त्याचे नाव ऑसबोर्न रडक. जग त्याला किंग टबी म्हणते. 1970 नंतरच्या वर्षांत त्याच्या हाती एका स्टुडिओचे जुने मिश्रणयंत्र आले. त्यावर एक मोठी कळ होती. ती फिरवीत गेले की खालचे स्वर पायरीपायरीने नाहीसे होत. टबी खर्ज काढून घेई, ऐकणाऱ्याला पुरती तहान लागू देई आणि मग तो पुन्हा सोडी. फेब्रुवारी 1989 मध्ये घरासमोरच गोळी घालून त्याचा खून झाला. त्याने शिकविलेली ही युक्ती मात्र जगभर पसरली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत फ्रान्सिस ग्रासोसारखे लोक दोन तबकड्यांचे ठेके जुळवू लागले होते. 1976 साली 12 इंची एकेरी तबकडी विक्रीस आली. एका बाजूला एकच गाणे असल्यामुळे खाचा ऐसपैस आखता येत, आणि बिचाऱ्या खर्जाला प्रथमच हातपाय पसरायला मिळाले. पण सुरुवातीच्या अनेक मिश्रणयंत्रांत प्रत्येक तबकडीचा खर्ज वेगळा आवरण्याची सोय नव्हती. 1990 नंतरच्या दशकात प्रत्येक गाण्यासाठी खालच्या, मधल्या व वरच्या स्वरांच्या तीन निराळ्या कळा सर्रास दिसू लागल्या.

माझा भाचा आपल्या खोलीत हेच करतो. नवे गाणे आत घेताना त्याची खर्जाची कळ तो आधीच खाली ओढून ठेवतो. वरचे स्वर मिसळत जातात. ऐकणाऱ्याला चाहूल लागते, पण कारभार जुन्याच गाण्याचा चालू असतो. मग 8 किंवा 16 मात्रागटांचा टप्पा पुरा होऊन नवा आरंभ झाला की नेमक्या त्या ठोक्यावर तो एका हाताने जुना खर्ज उतरवितो आणि दुसऱ्याने नवा चढवितो. किल्ल्या सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेला गेल्या, आणि घरात भांड्याला भांडे लागले नाही!

एवढ्याने मात्र काम संपत नाही, कारण खर्ज भिंत मानीत नाही. आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण हे मोजमाप कानाच्या कलाने होते, आणि त्यात 50 आवर्तनांच्या स्वरातून सुमारे 30 डेसिबल वजा धरले जातात. म्हणजे मापक समाधानी आणि पलीकडच्या घरात फडताळातली भांडी थरथरताहेत, असे सहज घडू शकते. शेजारच्या आजींना हृदयविकार आहे. त्यांच्या छातीवर तो ठोका कसा पडतो, हे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. म्हणून माझा भाचा गाणे चालू ठेवून स्वतः त्यांच्याकडे जातो, भिंतीला हात लावून पाहतो, आजींना विचारतो, आणि परत येऊन कळ आणखी थोडी खाली आणतो. गाण्यांना एकमेकांसाठी वाट सोडायला त्याने शिकविले आहे. शेजाऱ्यांसाठी ती त्याची त्यालाच सोडावी लागते.