गणेशपूरचा जमीनदार

आमच्या शाळेतील वरच्या वर्गांतली मुले हल्ली जे मारामारीचे चित्रपट पाहतात, त्यांपैकी पुष्कळांचे कथानक एकच असते. एखादा अबोल, संसारी गृहस्थ. शेजाऱ्यांना त्याच्याविषयी सांगण्यासारखे काहीही नसते. मध्यंतराच्या सुमारास कळते, की याच हातांनी पूर्वी पुष्कळ रक्त सांडले आहे. गतवर्षी पेंढाऱ्यांचा धडा चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, करीमखान शरण आला, मग पुढे त्याने काय केले?" क्रमिक पुस्तके सामान्यतः शरणागतीपाशीच थांबतात. उत्तर एका वाक्याचे होते : त्याने शेती केली.

परंतु त्या एका वाक्यामागे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. करीमखानाची हकीकत सर जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात विस्ताराने दिली आहे. १७९५ साली खर्ड्याच्या मोहिमेत तो दौलतराव शिंद्यांच्या बाजूस होता, आणि तेथील लुटीने त्याचे नशीब उघडले. आपण ज्या लढाईचा उल्लेख मराठ्यांचा अखेरचा मोठा विजय म्हणून अभिमानाने करतो, तीच ही लढाई. पुढे शिंद्यांनी त्याला नवाब हा किताब दिला. धनी भेटीस येणार म्हणून करीमखानाने सव्वा लाख रुपयांची रास रचून, तीवर भरजरी वस्त्र घालून मसनद तयार केली व ती नजर केली. थोड्याच दिवसांत याच धन्याने त्याला भेटीच्या निमित्ताने बोलावून कैद केले. ग्वाल्हेरीस चार वर्षे काढल्यावर सहा लाख रुपयांच्या करारावर त्याची सुटका झाली. आता हे सहा लाख कोणाच्या घरातून यावयाचे होते, हे शिंद्यांच्या दरबारास ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पेंढारी हा मराठी राज्यव्यवस्थेबाहेरचा उपद्रव होता, असे आपल्याकडे सोयीने लिहिले जाते. ते मला पटत नाही. शिंदेशाही आणि होळकरशाही ही पेंढाऱ्यांची नावेच पुरेशी बोलकी आहेत.

त्या धंद्याचे स्वरूप गुंटूर प्रांतावरील १८१६ च्या स्वारीवरून कळते. ती करीमखानाने केली असे मी म्हणत नाही. पण रीत सर्वांची एकच होती. बारा दिवसांच्या आत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे ठार झाली, ५०५ जखमी झाली, आणि ३,६०३ माणसांचे हाल करण्यात आले. पुरलेले द्रव्य कोठे आहे हे वदवून घेण्यासाठी घोड्याच्या तोबऱ्यात तापलेली राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधीत.

१८१७ च्या अखेरीस लॉर्ड हेस्टिंग्जने सुमारे सव्वा लाख सैन्य चोहोंकडून आणले. जानेवारी १८१८ मध्ये इंग्रजांनी जावद घेतले, तेव्हा करीमखान गावातच लपला होता. तेथून तो पायी निसटला आणि फेब्रुवारीत माल्कमच्या स्वाधीन झाला. चीतू शरण आला नाही. १८१९ साली अशीरगडच्या परिसरातील रानात त्याला वाघाने मारले. अमीरखान तर आधीच तह करून टोंकचा नवाब झाला होता. करीमखानाला मात्र माळव्यापासून दूर, गोरखपूर जिल्ह्यात गणेशपूर येथे जमीन देण्यात आली. ते ठिकाण आज बस्ती जिल्ह्यात आहे.

ही दया नव्हती. पोटाला जमीन असलेला मनुष्य घोड्यावर चढत नाही, हा हिशेब होता आणि तो खरा ठरला. सामान्य पेंढारीही पुढे शेतकऱ्यांत मिसळून गेले. त्याला पश्चात्ताप झाला, की तो नुसता थकला होता, याचा निर्णय करण्याच्या भरीस मी पडत नाही.

विद्यार्थ्याला हे सारे सांगितले. चित्रपटात जुने वैरी शोधीत येतात, तसे गणेशपुरास कोणी आले का, असे त्याने विचारले नाही; मला वाटले होते तो तेच विचारील. तो म्हणाला, "आणि त्या ३,६०३ लोकांना जमीन मिळाली का?" मी तो आकडा पुन्हा फळ्यावर लिहिला. तेवढ्यात तास संपला.