बालवाडीतील शिस्त

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या गटात रडणे, हट्ट, हिसकाहिसकी, मारामारी अशा प्रसंगी वर्गाची घडी राखण्याची व मुलाला स्वतःला आवरायला शिकवण्याची रीत. महाराष्ट्रात तिची मुख्य धारा माँटेसरी विचारातून आली. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला सुरू केलेल्या बालमंदिरात मार आणि भीती यांना थारा नव्हता. तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ती दृष्टी मराठीत रुजवली. याच कामासाठीच्या नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ ची.

या दृष्टीची खरी कसोटी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीत लागली. १९४५ पासून ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी तेथे बालवाडी चालवली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने आली. मुलांना आधी नाहूमाखू घालून मग कामाला बसवत. जी मुले येत नसत, त्यांच्या वस्तीत जाऊन अंगणातच वर्ग भरवला जाई. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होत्या. त्यामुळे धाकट्या भावंडाला सांभाळणारी मोठी बहीणही शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. बेशिस्तीचे मूळ मुलाच्या स्वभावात न शोधता भुकेत, रिकाम्या हातांत आणि अपरिचित वातावरणात शोधणे, हे या कामाचे सर्वांत मोलाचे देणे होय.

प्रत्यक्षात शिस्त बसते ती ठरलेल्या दिनक्रमातून, हाताला पुरेल अशा मांडणीतून, काम निवडण्याच्या मुभेतून आणि बडबडगीतांतून. शांततेच्या खेळात मुले आपणहून निश्चल बसून बारीक आवाज ऐकतात. ‘गप्प बसा’ या हुकमाशी त्याचा संबंध नाही. माँटेसरी परंपरेला शिक्षेइतकेच बक्षीसही अमान्य आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्याच्या व शेजारच्या गडचिरोलीच्या धान पिकवणाऱ्या, जंगलालगतच्या गावांत या योजनेतील अंगणवाडी सेविका व मदतनीस वेगवेगळ्या वयांची मुले एकाच खोलीत सांभाळतात. झाडीबोली, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील सूचना कळली नाही, तर ते हट्टी ठरण्याची भीती असते. म्हणून पहिले शब्द घरच्या बोलीतले हवेत. रोवणीच्या वा मोहफुले वेचण्याच्या दिवसांत आई पहाटेच बाहेर पडते. मूल अर्धवट झोपेत, उपाशी येऊ शकते. त्याला आधी खाऊ द्यावा, मग गोष्ट सांगावी. वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या गावांत मुलांना उघड्यावर मोकळे सोडता येत नाही. तेथे उड्या, नाच, तालावर चालणे हे खेळ आतच घ्यावे लागतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. कायदा मात्र ६ ते १४ वयोगटासाठी आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे; बालवाडीचे वय त्यात येते.