सार्ध की सार्थ?

२०१३ साली स्वामी विवेकानंदांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली, तेव्हा 'सार्ध शती' हा शब्द बऱ्याच फलकांवर झळकला. नंतर एका कमानीवर मी तो 'सार्थ शती' असा रंगवलेलाही पाहिला! रंगाऱ्याला दोष देत नाही. सार्थ ज्ञानेश्वरी सगळ्यांना ठाऊक असते, 'सार्ध' कोण बोलतो? पण एका अक्षरापायी पन्नास वर्षे बुडाली की हो.

सार्ध म्हणजे स + अर्ध, अर्ध्यासकट. शंभर आणि त्याचे अर्धे, झाले दीडशे. शब्द परका वाटतो, पण रोज आपल्या तोंडी असतो. 'साडेतीन'मधले 'साडे' हे या 'सार्ध'चेच प्राकृतातून झिजत आलेले रूप. साडेतीनशे म्हणताना आपण अर्धे शंभराचे धरतो, तसेच इथेही.

मग साडेएक, साडेदोन का नाही? तिथे मोजायची रीतच वेगळी. दीडचे मूळ द्व्यर्ध, म्हणजे दुसरा अर्धा. अडीचचे अर्धतृतीय : दोन भाकऱ्या पूर्ण, तिसरी अर्धी. याच रीतीचा साडेतीनसाठी 'औट' होता, अर्धचतुर्थ. तो आता 'औट घटकेचे राज्य' एवढ्यापुरता उरलाय. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे-पैंचे हिशेब संपले. पाढे गेले, जाऊ देत. पण आजची मुले दीडला 'वन पॉइंट फाइव्ह' म्हणतात, त्यांना सार्ध कुठून कळणार? दीडच जायला लागलाय, ही माझी खरी काळजी.

गंमत म्हणजे लॅटिनमध्येही हेच. 'सेस्क्वी' म्हणजे 'आणि अर्धा'. म्हणून अमेरिकेने स्वातंत्र्याची दीडशे वर्षे १९२६ साली फिलाडेल्फियात साजरी केली, त्या प्रदर्शनाचे नाव सेस्क्विसेंटेनिअल. २०२६च्या अडीचशेला मात्र त्यांचा शब्द सेमिक्विन्सेंटेनिअल, म्हणजे पाचशेचे अर्धे! आपला अडीचशे बरा.

मराठीत दीडशेला 'शतकोत्तर सुवर्णमहोत्सव' जास्त चालतो. लांबलचक आहे, पण अर्थ लागतो. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापलेल्या सत्यशोधक समाजाला २०२३ साली इतकीच वर्षे झाली. फुल्यांची रोखठोक मराठी पाहता, तिथे मी तरी सरळ 'दीडशे वर्षे' असेच लिहिले असते.