हाताने जोडलेला रेडिओ : एका छंदाचा इतिहास



आज आपल्या घरात एखादे यंत्र बिघडले तर ते बहुधा टाकून दिले जाते किंवा दुकानातून बदलून आणले जाते. उघडून पाहण्याची सवय राहिलेली नाही. परंतु एक काळ असा होता की, शाळकरी मुले बाजारातून सुटे भाग आणून, पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळून, स्वतःच्या हाताने रेडिओ तयार करीत. या छंदाला आपल्या देशात सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो थोडक्यात आपणापुढे मांडावा, आणि त्यातच माझ्या घरची एक हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या छंदाची पहिली पायरी म्हणजे ‘क्रिस्टल सेट’. त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. उंचावर ताणलेली एरियलची तार, तांब्याच्या तारेची कॉइल, कंडेन्सर, गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा चकाकता खडा, कानाला लावायचा हेडफोन आणि जमिनीत नेलेली अर्थची तार, एवढेच त्याचे सामान. रेडिओ केंद्राकडून येणाऱ्या लहरी एरियलमध्ये अतिशय क्षीण वीजप्रवाह निर्माण करतात. कॉइल आणि कंडेन्सर मिळून त्यांतील हवी ती लहर निवडतात. खडा प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे लहरीवर स्वार झालेला आवाज वेगळा होऊन हेडफोनमध्ये उमटतो. ऐकण्यास लागणारी सारी शक्ती त्या लहरीतूनच मिळते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, गॅलेनाच्या अशा शोधकाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली आपल्याच जगदीशचंद्र बोस यांना मिळाले होते.

मुंबईत रेडिओ आला तो सरकारकडून नव्हे, तर हौशी मंडळींकडून. जून १९२३ मध्ये रेडिओ क्लबने मुंबईहून पहिला कार्यक्रम प्रक्षेपित केला. त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. पुढे १९३३ च्या कायद्याने विनापरवाना रेडिओयंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. घरोघरच्या रेडिओसाठी पोस्टात फी भरण्याची ही पद्धत १९८० च्या दशकात रद्द होईपर्यंत चालू होती. वडीलधाऱ्या वाचकांना ती आठवत असेल.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी प्रक्षेपणावर बंदी घातली. परंतु परवाने रद्द झाले म्हणून हातांतील विद्या जात नाही. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ४२.३४ मीटरवर एक गुप्त आवाज ऐकू आला. ते होते काँग्रेस रेडिओ, आणि तो आवाज होता २२ वर्षांच्या उषा मेहता यांचा. त्यांच्या सोबत्यांनी एका हौशी रेडिओतज्ज्ञाकडून प्रक्षेपक जोडून घेतला होता. मित्रहो, ४२.३४ मीटर ही लहर हौशी रेडिओवाल्यांच्या ४० मीटरच्या पट्ट्यातलीच आहे. ज्या पट्ट्यावर छंद म्हणून गप्पा चालत, त्याच पट्ट्यावर स्वातंत्र्याचा पुकारा झाला. पोलिसांना चुकविण्यासाठी हे केंद्र एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविले जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. हा ठावठिकाणा पोलिसांना कळला तो एका तंत्रज्ञाच्या फितुरीने. हुन्नराबरोबर इमानही लागते, हा धडाही याच हकीकतीत आहे.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि या छंदाचे रूप पालटले. व्हॉल्व्हच्या रेडिओत धोकादायक दाबाची वीज खेळत असे. ट्रान्झिस्टरचे चार-दोन सेलवर भागू लागले, त्यामुळे पोरांच्या हाती काम देणे सोपे झाले. सुट्या भागांची पुडकी, म्हणजेच ‘किट’, मिळू लागली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांसाठी आणि चोरबाजार जुन्या मालासाठी प्रसिद्ध झाला. १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले व जोडणीचे नकाशे घरबसल्या मिळू लागले.

आता माझी हकीकत. १९६८ साली मी डोंगरीत मामूंच्या घरी राहून शिकत होतो. माझी थोरली बहीण, आपा, तिथेच होती. आठवीनंतर तिची शाळा बंद झाली होती आणि ती भरतकाम करी. मी खाऊचे पैसे साठवून लॅमिंग्टन रोडवरून एक डायोड आणि गँग कंडेन्सर आणला. चोरबाजारातून जुना हेडफोन आणला. गॅलेनाच्या खड्याचे काम आता हा इवलासा डायोड करी. मी घाईने डाग दिला, सोल्डरिंग आयर्न नको तितका वेळ टेकवून धरला आणि डायोड जळाला. महिनाभराचे पैसे गेले. मामू म्हणाले, “हे खेळ सोड, पुस्तक उघड.”

आपाने काही विचारले नाही. तिने ती जळालेली वस्तू उलटसुलट करून पाहिली. दुसरा डायोड आणायला तिने भरतकामाच्या मजुरीतून पैसे दिले. नळीवर तारेचे नव्वद वेढे तिनेच घातले, एकाशेजारी एक, मध्ये केसभर फट न ठेवता. या खेपेस डायोडचे पाय तिने चिमट्याने धरले आणि मी डाग दिला. धातूच्या चिमट्यात उष्णता उतरते व डायोड वाचतो, हे मला नंतर पुस्तकात सापडले. तिला ते जळालेल्या डायोडवरून सुचले होते. तार गच्चीवर ताणली, अर्थची तार नळाला बांधली. हेडफोन प्रथम तिनेच कानाला लावला. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “कुणीतरी बाजारभाव सांगतोय.”

त्या सेटवर मला शाबासकी मिळाली. मामूंनी शेजाऱ्यांना बोलावून दाखविले, “आमच्या भाच्याने बनविला.” मी पुढे डिप्लोमा केला, नोकरी केली, पोरांना हेच काम शिकविले. आपाचे पुढच्याच वर्षी लग्न झाले व ती शिलाईमशीनवर बसली. अनेक वर्षांनी मी हा प्रसंग पाहुण्यांसमोर सांगत असता ती हसून म्हणाली, “अरे, वेढे तर माझेच होते ना?” मी उत्तर देऊ शकलो नाही. आजही माझ्याजवळ उत्तर नाही. म्हणून हा लेख लिहिला.

पालकहो, मूल यंत्र उघडून बसले तर त्याला लगेच रागावू नका. घरच्या विजेला हात लावू देऊ नका, पण सेलवर चालणारे काम खुशाल करू द्या. डायोड जळेल, पैसे जातील. तीही फीच समजा. आणि मुलगी शेजारी उभी राहून पाहत असेल, तर तिला चिमटा धरायला सांगून थांबू नका. सोल्डरिंग आयर्न तिच्या हाती द्या.

विद्यार्थी मित्रहो, मिडियम वेव्हची बरीच केंद्रे आता बंद झाली आहेत; जवळ एखादे चालू असेल तर क्रिस्टल सेटपासूनच सुरुवात करा. नसेल तर रेझिस्टरवरचे रंग वाचायला शिका : पिवळा, जांभळा, तांबडा म्हणजे ४,७०० ओहम. मग एक ट्रान्झिस्टर, एक दिवा, दोन सेल. हौशी प्रक्षेपण करावयाचे असेल तर सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्या. आणि काम साधले की, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सर्वांची नावे सांगा.