दाताचा ठसा आणि दाताचे माप

दवाखान्यातून परतलेला मराठी माणूस ‘कॅपचं माप देऊन आलो’ असे सांगतो. दंतवैद्यकाची पुस्तके त्याला ठसा म्हणतात. पुस्तकातला शब्द नेमका आणि बोलीतला ढोबळ, असे आपण गृहीत धरतो. ठशाचा इतिहास पाहिला की मला हा निकाल उलटा करावासा वाटतो.

ठसा घेण्याचे पहिले स्पष्ट वर्णन फिलिप फाफ याचे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचा हा दंतवैद्य. जबड्याचा ठसा मऊ मेणात दोन भागांत घ्यावा, ते जोडून आत प्लास्टर ओतावे, ही कृती त्याने १७५६ च्या ग्रंथात दिली. पण तोंडातून काढताना मेण ताणले जाते. एकोणिसाव्या शतकात थेट प्लास्टरचाच ठसा घेऊ लागले. तो अचूक, पण तोंडातच दगड होणारा. फोडून काढायचा आणि तुकडे जुळवत बसायचे! लंडनच्या चार्ल्स स्टेंटने गटापर्चात भर घालून नवे मिश्रण काढले. पहिल्या महायुद्धात ते जखमींच्या त्वचारोपणासाठी वापरले गेले, आणि त्याच वाटेने या दंतवैद्याचे नाव आज हृदयाच्या रक्तवाहिनीत जाऊन बसले आहे. पुढे समुद्री शेवाळातले अगर आले. दुसऱ्या महायुद्धात जपानी अगर मिळेना, तेव्हा तपकिरी शेवाळापासूनचे अल्जिनेट आले. मग सिलिकॉन.

या साऱ्यांचे काम आकार टिपण्याचे. त्यात बारीक चूक राहिली तरी निभत असे, कारण नैसर्गिक दात तंतूंच्या पातळ पडद्याने हाडाशी बांधलेला असतो. दाबाखाली तो काही दशक मायक्रॉन सरकतो. ही सवलत इम्प्लांटने काढून घेतली. स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते. मध्ये तंतू नाहीत, त्यामुळे ते जेमतेम काही मायक्रॉन हलते. कॅप जराशी तिरकी बसली तर इम्प्लांट जुळवून घेत नाही. ताण स्क्रूवर आणि हाडावर येतो.

शिवाय इम्प्लांटचा आकार कारखान्याला ठाऊकच असतो. हवी असते ती त्याची जागा, कल आणि वळण. म्हणून त्यावर एक धातूची खुंटी कसतात, तिच्याभोवती सिलिकॉन भरतात, आणि ठशातल्या खुंटीला नकली इम्प्लांट जोडून प्लास्टर ओततात. म्हणजे ठसा दाताचा नाहीच. ते एका बिंदूचे माप आहे. सिलिकॉन आकसते, प्लास्टर किंचित फुगते. कसलेला तंत्रज्ञ या दोन चुका एकमेकींवर भागवतो.

प्रकाशाने ठसा घेण्याची कल्पना फ्रान्स्वा द्युरे यांनी १९७३ साली प्रबंधात मांडली. झुरिचमध्ये म्योरमान आणि ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्राने १९८५ साली, रुग्ण खुर्चीत असतानाच, सिरॅमिकची भरणी तयार झाली. आता इम्प्लांटवर खुणेची खुंटी लावतात. संगणकाला तिचा आकार आधीच माहीत असतो. उलटी यायची भीती गेली, ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पण प्रकाशाला रक्ताखालचे आणि लाळेखालचे दिसत नाही. शिवाय स्कॅनर छोटी चित्रे जोडत पुढे जातो. दात नसलेल्या गुळगुळीत हिरडीवर त्याला खुणा सापडत नाहीत आणि जोडकामातली चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाते. एकदोन दातांसाठी स्कॅनर सिलिकॉनच्या बरोबरीने उभा राहतो. संपूर्ण जबड्यासाठी मात्र खुंट्या एकमेकींना पक्क्या बांधून घेतलेला जुना ठसा अनेक डॉक्टर अजून सोडत नाहीत. ‘ठसा इतिहासजमा झाला’ हे वाक्य विक्रेत्याचे आहे.

माप कसेही घेतलेले असो, तयार सांगाडा तपासण्याची रीत एकच. तो इम्प्लांटांवर ठेवायचा, एका टोकाचा एकच स्क्रू कसायचा आणि दुसरे टोक उचलले जाते का ते पाहायचे.